दोनशे चौदा नंबरची बशी

नेरूळच्या सोसायटीत श्यामसुंदर परुळेकरांना सगळे ‘चिखलवाले काका’ म्हणत. बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस उरणच्या खाडीतला चिखल बाटल्यांत भरून आणतो, म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असणार, असा शेजाऱ्यांचा कयास. शेजाऱ्यांना दुसरा उद्योग काय!

परुळेकर तुर्भ्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. चिखलातले जिवाणू वेगळे करायचे, काचेच्या बशीत वाढवायचे आणि स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमला त्यांचा अर्क अडवतो का, ते पाहायचं. आयोडीन ओतलं की स्टार्च पचलेली बशी फिकी पडे. एन्झाइम अडलं असेल तर निळी राही. तीन वर्षं सगळ्या बशा फिक्याच. शहाण्णवच्या जानेवारीत दोनशे चौदा नंबरची बशी निळीशार राहिली आणि परुळेकरांना रडूच फुटलं. यातून औषध निघालं, तर जेवणानंतर मधुमेह्यांची साखर भराभर चढणार नव्हती. त्यांच्या बायकोला, नंदिनीला, साखरेनंच नेलं होतं.

लॅबचा नियम साधा. नवा जिवाणू सापडला की त्याच दिवशी त्याची एक नळी गोठवायची आणि तिला हात लावायचा नाही. परुळेकरांनी ‘उद्या ठेवू’ म्हणत ते टाळलं. गोठवल्यावर बघायला काय उरतं? त्यापेक्षा दर रविवारी ते लॅब उघडत, दोनशे चौदाला ताज्या बशीत हलवत, चांगलंचुंगलं खाऊ घालत आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत बसत.

जुलैत मोठी चाचणी झाली. बशी फिकी पडली. पुन्हा केली, पुन्हा फिकी. सारखं हलवलं, आयतं खायला घातलं की असे जिवाणू औषध बनवायचंच सोडून देतात, हे परुळेकरांनीच कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. आणि चिखल जिथून आणला होता त्या काठावर आता कंटेनर बंदरासाठी भराव पडला होता.

“टेन्शन नका घेऊ, परुळेकर,” क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. त्या लॅबच्या प्रमुख, वयानं लेकीएवढ्या. “फ्रीजरमधली पहिली नळी काढा.”

“ठेवलीच नाही, मॅडम.”

“तुम्ही? वीस वर्षं काढलीत इथे! आणि दर रविवारी हलवायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.” परुळेकरांनी चष्मा काढून पुसला. “रविवारी घरात बोलायला कोणी नसतं, मॅडम.”

मॅडमनी रजिस्टर उघडलं, दोनशे चौदासमोर ‘बाद’ लिहिलं आणि सहीसाठी परुळेकरांपुढे सरकवलं.