मागणीची रेघ

विद्यापीठ नवं, आमचं कॉलेज नवं, आणि मी तर सगळ्यांत नवी. पुण्याहून धाराशिवला अर्थशास्त्र शिकवायला आले. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. मी बोलायचे, पोरं उतरवून घ्यायची. मान वर कुणी करत नसे. घरी आले तरी एका जागी बसवायचं नाही. या खिडकीशी उभी राहा, त्या खिडकीशी उभी राहा, असं चालायचं.

शेवटी ठरवलं, मागणी-पुरवठ्याचं प्रकरण वर्गात शिकवायचंच नाही. पोरांना जवळच्या बेंबळी गावच्या बाजारात न्यायचं आणि भाव कसा ठरतो ते लोकांनाच विचारायला लावायचं. प्राचार्य हैदराबादेत शिकलेले. म्हणाले, "शौक चांगला आहे बाई. पण पोर्शन मुकम्मल कोण करणार?"

"मी पुरा करीन."

"मग जा."

गेलो. पोरं धान्याच्या ढिगांत, भाजीवाल्यांत पांगली. एकजण मात्र लिंबाखाली बसून राहिला. धनगराचा मुलगा, वर्गात सगळ्यांत थोरला, लग्न झालेला.

"तुम्ही नाही फिरत?" मी विचारलं.

"रागावू नका बाई," तो म्हणाला. "ह्या बाजारात म्या बापासंगं मेंढरं इकलीत. हितलं मला कळतंय. पुस्तकात काय हाय ते कळावं म्हनून कालेजात आलो, तर तुम्ही परत हितंच आनलं."

परतताना पोरं खुशीत होती. मी चिडले होते, पण त्याच्यावर की स्वतःवर, ते उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी पुस्तक उघडलं आणि एकेक वाक्य मराठीत फोडून सांगायला लागले. फळ्यावर मागणीची रेषा काढली. धनगराचा मुलगा उठला.

"बाई, ही रेघ खाली का येती?"

"भाव उतरला की लोक जास्त घेतात म्हणून."

"पर पाऊस लांबला की भाव चढला तरी लोक जवारी जास्तच भरत्यात."

"तेव्हा अख्खी रेषाच सरकते," म्हणत मी उजवीकडे दुसरी काढली. "पुढच्याच पानावर आहे ते."

त्यानं दुसरी रेषा वहीत काढून घेतली. "असं हाय व्हय," म्हणाला आणि खाली बसला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, खिडकीकडून आला. त्या वर्गात एवढी बडबड पहिल्यांदाच ऐकली.

पण एकेका पानाला तास जायचा. प्राचार्य येता-जाता दारातून डोकावायचे. वर्षाअखेर दोन प्रकरणं राहिली आणि पेपरात नेमका त्यांतलाच प्रश्न आला. धनगराचा मुलगा थर्ड क्लासमध्ये पास झाला, काहीजण नापास झाले.

जूनमध्ये नव्या वर्षाचं नियोजन करायला बसले. आखलं, खोडलं, पुन्हा आखलं. कुठलं प्रकरण सावकाश घ्यायचं आणि कुठलं नुसतं सांगून टाकायचं, ठरेना. शेवटी गेल्या वर्षी राहिलेली दोन प्रकरणं आधी घ्यायचं ठरवलं आणि वर्गावर गेले. पोर्शन पुरा होईल अशी खात्री तेव्हाही नव्हती.