ठमाबाईची लुइझियाना

ठमाबाई कोपरच्या खाडीकाठची. नवरा गेला आणि दिराच्या घरात तिचा जीव रमेना, म्हणून त्रेपन्न साली ती आंबिवलीला, कारखान्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. यंत्रं बसवायला आलेला एक अमेरिकन साहेब आणि त्याची बायको रूथ तिथे राहत. रूथला ती 'बाय' म्हणायची.

रूथ दिवसभर एकटीच. कंटाळली की स्वयंपाकघरात येऊन बसायची नि मोडक्यातोडक्या मराठीत आपल्या लुइझियानाबद्दल सांगायची. तिथली मोठी नदी समुद्राला मिळताना चिखलात नि गवतात पसरते. पूर आत घुसू नये म्हणून काठाने मातीचे बांध. आत भात, ऊस. दलदलीत चिंबोऱ्या, कोलंबी. शिमग्याच्या सुमाराला माणसं सोंगं घेऊन वाजतगाजत रस्त्यावर उतरतात.

"अगो, ह्यो तं आमचाच गाव!" ठमाबाई हरखली. खाडीचं खारं पाणी अडवायला तिने स्वतः चिखलाचे गोळे रचून बांध घातले होते.

एकदा रूथने पीठ तुपात पार काळपट होईस्तोवर परतलं, त्यात भेंडी, कोलंबी, चिंबोऱ्या शिजवल्या आणि भातावर वाढल्या.

"तुमच्यात पन भेंडी?"

"आफ्रिकेतून आली."

"कोनी आनली?"

"लोकांनी," म्हणत रूथ डाव धुवायला उठली.

पुढच्या पावसाळ्यात रूथला टायफॉइड झाला. ठमाबाई तिच्या उशापासून हलली नाही. ताप उतरल्यावर रूथ तिचा हात धरून म्हणाली, "आम्ही परत जाऊ तेव्हा तूही चल. माझ्या आईकडे राहा."

ठमाबाईने ते खरं मानलं. गावभर सांगितलं. आता परत कुणाला यायचंय, म्हणून शेतातला आपला वाटाही दिराच्या हवाली केला.

वर्षभराने बंगल्यात ट्रंका भरायला लागल्या. आपलं काय, कुणी बोलेना. शेवटी तिनेच विचारलं. साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाला. ऑफिसातला कारकून गोपीनाथ सामान मोजायला आला होता. तो जरा चाचरला.

"ठमाबाई, तिथे काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवतात. पाण्याचे नळसुद्धा वेगळे. पूर्वी आफ्रिकेतून माणसं पकडून नेली, उसात राबवली, त्यांचीच ही मुलंबाळं. साहेब म्हणतात, तुझा रंग बघून तुलाही तसंच वागवतील."

ठमाबाई रूथकडे वळली. "बाय, तुला ठावं व्हतं?"

रूथने होकारार्थी मान हलवली.

"बांध सांगलंस, चिंबोऱ्या सांगल्यास, सोंगं सांगलीस. मंग ह्ये का नाय सांगलंस?"

"'चल' म्हणाले तेव्हा मी आजारी होते गं," रूथ रडायला लागली. "तुला बरं वाटावं म्हणून बोलले. वाटलं, तू विसरशील."

माणसाला पायरीखाली उभं करणारी माणसं ठमाबाईने इथेही पाहिली होती. ते तिला नवं नव्हतं. पण न्यायचं कधी मनातच नव्हतं, हे ऐकल्यावर तिने आपलं गाठोडं बांधलं. रूथने पुढे केलेली शाल तिने घेतली नाही. तशीच बाहेर पडली.

दिराने दारातच हसून घेतलं. "अमेरिकेला जानार व्हतीस ना?" वाटा काही परत दिला नाही. मग ती टिटवाळ्याला हौसाबाई नावाच्या मावशीकडे राहिली आणि दोघी कल्याणच्या बाजारात मासळी विकायला बसू लागल्या.

एके दिवशी गोपीनाथ आला. "नवा साहेब आलाय. पगार जास्त देईल."

ठमाबाईने त्याच्या पिशवीत मांदेली टाकली. "दुसरी कोन तरी बघा, बाबू," म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घातली.