दादाचं पॅकिंग

लेथवर काम करणाऱ्याला एक गर्व असतो, तो मलाही होता. माझ्या हातून माप चुकत नाही, असं सणसवाडीच्या कंपनीत मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही.

माझा थोरला भाऊ दौंडमध्ये मोटारसायकली दुरुस्त करायचा. आमचा बाप मेंढरांमागं फिरला, दादा इंजिनांपुढं बसला. हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानं गॅरेज बंद केलं आणि वडगाव रासाईला घरी येऊन तीन गाई पाळल्या. दुखण्याचा अर्थही त्यानं आपल्या परीनं लावला होता. "इंजन मोठं झालं, पन बाकीचं सामान जुनंच हाय," म्हणाला. मी हसलो. हसायला नको होतं.

जड काम करायचं नाही, एवढंच पथ्य होतं. पण नदीकाठच्या गोठ्यापासून वर रस्त्यापर्यंत चढ. दुधाचे कॅन लादले की त्याची जुनी मोटारसायकल निम्म्यात दम टाकायची आणि दादा खाली उतरून ती ढकलायचा. दूध दुसऱ्या कुणाकडून पाठव, म्हणून आम्ही सांगून थकलो. तो ऐकेल तर शपथ. शेवटी त्यानंच तोड काढली, इंजिनाचा स्ट्रोक वाढवायचा. पिस्टन वरखाली जेवढा जातो तो स्ट्रोक. तो वाढला की गाडीला ओढ येते, चढाला ती मरत नाही.

पण नुसता स्ट्रोक वाढवून भागत नाही. पिस्टन जास्त वर आला तर वाल्व्हला धडकणार, म्हणून सिलिंडरखाली पॅकिंगची पट्टी घालून तो उचलायचा. सिलिंडर उचलला की चेन अपुरी पडते. पिस्टन जास्त खाली गेला तर त्याची कड खाली फिरणाऱ्या क्रँकला घासणार, म्हणून ती कापायची. नवऱ्याला फेटा बांधला की सगळ्या भावकीला बांधावा लागतो, असं दादा म्हणायचा. आणि इंजिन मिटवण्याआधी तो वहिनीकडं कणकेचा गोळा मागायचा. गोळा पिस्टनवर ठेवून इंजिन हातानं फिरवायचं, उघडायचं, कणीक जेवढी जाड उरली तेवढी आत जागा. माझी पोळी इंजिन खातंय, असं वहिनी दर वेळी कुरकुरायची.

त्यानं मला फोनवर सांगितलं, "दोननं वाढव आन् पॅकिंग एकचं कर." साहेबांना विचारून, शिफ्ट सुटल्यावर मी क्रँकची पिन केली, पिस्टनचा दांडा जिच्यावर फिरतो ती. तिचं केंद्र दोन एमएम सरकवलं, पॅकिंग एक एमएमचं कापलं. दोन्ही मापं तंतोतंत. रविवारी नेऊन दिली, त्यानं पाठीवर थाप मारली.

पंधरवड्यानं मी गेलो तेव्हा गाडी दोन्ही कॅन घेऊन चढ चढली आणि दादा एकदाही खाली उतरला नाही. मी वर रस्त्यावर उभा होतो. भावासाठी आपण काहीतरी केलं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी धार काढता काढता तो गाईशेजारी कलंडला.

वर्षश्राद्धाच्या आधी गाडी तेल गाळू लागली म्हणून मी ती अंगणात उघडली. सिलिंडर उचलला तर खाली दोन पॅकिंगं. वरचं माझं. खालचं हातानं केलेलं, कडांवर कानशीचे ओरखडे, बोल्टची भोकं जराशी लांबट. दादाला माझ्या कामावर भरवसा नव्हता की काय, म्हणून आधी मला रागच आला. मग हिशेब डोक्यात उतरला. पिनेचं केंद्र दोन सरकवलं की पिस्टन वरही दोन जातो आणि खालीही दोन, म्हणजे स्ट्रोक चारनं वाढतो. दादाला एकूण दोन हवे होते. पॅकिंग एकचं सांगितलं होतं, म्हणजे पिस्टन वर एकच जायचा होता, त्यातच सगळं आलं होतं. मी नीट ऐकलं नाही.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, त्या वेळी कणीक पार फाटून निघाली होती. मग दादानं घरातल्या जर्मनच्या पातेल्याचं झाकण कापलं आणि चार दुपारी कानशीनं घासत बसला. पिस्टनची कडही पुन्हा घासली. बनियन घामानं भिजायचं. भाऊजींकडं परत धाडा, असं तिनं सांगून पाहिलं, तर म्हणाला, "त्याला सांगू नगं. त्यानं लय जिवानं केलंय."

"म्या म्हनलं, बसूनच तर करत्यात," वहिनी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

कानस किती ताकद मागते ते मला माहीत आहे. त्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी कधी कानस धरलेली नाही. ज्या चढापासून त्याला वाचवायचं म्हणून मी पिन केली, तो चढ मीच त्याच्या मांडीवर आणून ठेवला, हे माझ्या मनातून जात नाही.

कंपनीत तासाभरात मी दोन एमएमचं एकच पॅकिंग काढू शकलो असतो. नाही काढलं. झाकणाची पट्टी पुसून परत खाली ठेवली, वर माझी. मग वहिनीकडं कणीक मागितली. तिनं परातीतून गोळा तोडून दिला. इंजिन हातानं फिरवलं, उघडलं, कणीक कापून मायक्रोमीटरवर धरली.

दादाचं माप बरोबर होतं.