जानेवारीत बंद असलेल्या बेटावर

उज्जैनमध्ये राहणाऱ्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. महाकालाच्या कृपेने माधव नगरातल्या आमच्या घरी बाराही महिने कुणी ना कुणी दर्शनाला आलेलं असतं. श्रावणात येतात, शिवरात्रीला येतात, नाताळच्या सुट्टीत येतात, आणि "गर्दी नसेल म्हणून मुद्दाम आत्ता आलो" असं म्हणत मधल्या दिवसांतही येतात. "आम्ही दोघंच आहोत, आमच्यासाठी काही करू नका हं," असं प्रत्येक जण म्हणतो आणि जेवायला बसतो. भस्मआरतीहून परतलेल्या माणसाला किती भूक लागते, हे मला विचारा.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले ते बहुधा पूर्णवेळ यजमान होण्यासाठीच. फोनवर "या हो, घर आपलंच आहे" म्हणायचं जोखमीचं काम ते एकटे सांभाळतात. उरलेलं किरकोळ मी बघते.

दिवाळीचे पाहुणे गेले त्या दिवशी मी जाहीर केलं, की सव्वीस जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्टीची लाट यायच्या आत मला एक आठवडा अशा ठिकाणी जायचंय, जिथे मला कुणाला वाढायचं नसेल आणि जिथे आपलं कुणी पोचणार नाही. गोवा आणि केरळ लगेच बाद झाले, तिथे भाचे आहेत. शेवटी भूमध्य समुद्रात, माल्टाच्या शेजारी, गोझो नावाचं चिमुकलं बेट सापडलं. आमच्या दोन्ही घराण्यांतलं कुणी तिथे नोकरीला गेलेलं नव्हतं. याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ मला ठाऊक नाही.

आमच्या फ्रीगंज बाजारातल्या ट्रॅव्हलवाल्याला मात्र आमची दया आली. "आंटीजी, जनवरी में वहाँ क्या करोगे? सब बंद रहता है. दुबई कर लो."

"सब बंद?"

"एकदम बंद. होटल, दुकान, सब."

"तो वही कर दो, भैया," मी म्हटलं.

तो खरं बोलत होता. गोझोतल्या ज्या ज्या घरांत खोल्या मिळतात, त्या सगळ्यांनी 'एप्रिलनंतर या' असं कळवलं. कार्मेन नावाच्या एका बाईंनीही दोनदा नाही म्हटलं. मग ह्यांनी सूत्रं हातात घेतली आणि तिसरा ईमेल पाठवला: आम्ही दोघंच आहोत, अगदी साधी माणसं, आमच्यासाठी काही करू नका. बाई हो म्हणाल्या.

"अरे यार, विचारत राहायला पाहिजे. माणूस पिघळतोच," हे म्हणाले. मी त्यांचं कौतुक केलं.

प्रवासाची बातमी ह्यांनी अत्यंत गुप्त ठेवली. फक्त जवळच्या लोकांना सांगितली, म्हणजे गावात पार देवास गेटपर्यंतच्या. ती पुण्याला मोहनभाऊजींच्या, म्हणजे ह्यांच्या मावसभावाच्या कानावर गेली आणि लगेच फोन आला. "तुम्ही बिनधास्त जा, दादा. किल्ली तेवढी शेजारी ठेवा, आमचं आम्ही बघू." किल्ली मी पर्समध्ये टाकली आणि समुद्रापार नेली.

माल्टाहून गोझोला फेरीबोटीने जावं लागतं. त्या दिवशी वारा असा होता, की ह्यांनी संपूर्ण भूमध्य समुद्र डोळे मिटून पाहिला. मी मात्र डेकवर उभी राहिले. समोर मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, उतारावर दगडी बांध घातलेली हिरवीगार शेतं आणि बांधांच्या कडेने पिवळ्या फुलांचे ताटवे. गावात पोचलो तर चौकातल्या खानावळीच्या खुर्च्या उलट्या रचलेल्या, दारं बंद, देवळासारख्या शांततेत एक प्रचंड चर्च. आमच्याकडची देवळं शांत असती तर, असं म्हणायला हवं. मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

घरं जाड दगडाची असल्यामुळे बाहेर उन्हात स्वेटर काढायचा आणि आत शिरताना घालायचा, अशी तिथली रीत. पण सकाळी उठून नुसतं टेबलाशी बसायचं! कार्मेनबाई फ्तिरा (मधे भोक असलेला जाड, गोल पाव) आणायच्या, त्यावर टोमॅटो, शेजारी ज्बेना (मेंढीच्या दुधाच्या चीजच्या लहान वड्या). मी हातावर हात ठेवून बसायची आणि कुणीतरी माझ्या ताटात वाढायचं. तो पाव मला श्रीखंडापेक्षा गोड लागला.

एका सकाळी मी जरा लवकर खाली आले. स्वयंपाकघरात कार्मेनबाई सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसल्या होत्या. मला बघून ओल्या पायांनीच घाईघाईने उठल्या आणि हसून म्हणाल्या, "बसा, बसा, आलेच." ते हसू मी ओळखते. माझ्याही तोंडावर ते बाराही महिने असतं.

"तुम्ही विश्रांती कधी घेता?" मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"एप्रिलपासून प्रवासी असतात. नाताळला ऑस्ट्रेलियाहून सगळे नातेवाईक येतात. जानेवारी माझा असतो," त्या बोलून गेल्या.

एवढे पैसे घालून, व्हिसा काढून, समुद्र ओलांडून मी मोहनभाऊजी झाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग हो का म्हणालात?"

"दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा लाज वाटली."

"मला तर पहिल्यांदाच वाटते," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघी खूप हसलो. मग मी त्यांना दंडाला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं, पाणी गरम करून दिलं, आणि बॅगेतले पोहे काढले. उरलेले दिवस बेकरीतून पाव आणणं आणि भांडी धुणं ह्यांच्याकडे दिलं. साधी माणसं आहोत म्हणून त्यांनीच लिहिलं होतं.

निघताना ह्यांना भरून आलं. "पुढच्या जानेवारीत परत येतो! आणि तुम्ही उज्जैनला या, घर आपलंच आहे."

कार्मेनबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "जानेवारीत मी बंद असते."

"बाई नाराज झाली का यार?" हे बोटीवर विचारत राहिले. मी मागे पडणाऱ्या बेटाकडे बघत राहिले. त्या 'नाही'नंतर कार्मेनबाईंनी मला मिठी मारली होती, आणि इतक्या प्रेमाने मला क्वचितच कुणी मारली असेल.

परतीच्या विमानात मी एकच विचार करत होते. नाही म्हटल्यावर आभाळ कोसळतं असं मी आयुष्यभर धरून चालले. तिथे तर बोट वेळेवर सुटली.

घरी बॅगा उघडायच्या आत मोहनभाऊजींचा फोन आला. "अरे, शिवरात्रीला ना? या, या," हे सुरू झाले. मी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"भाऊजी, या शिवरात्रीला नका येऊ."

भाऊजींनी पलीकडचा टीव्ही बंद केला. मग ते हळू आवाजात, खऱ्या काळजीने म्हणाले, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

"एकदम छान आहे," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतेय."