टाकीतली लेकरं

हिंगोलीत मॅडमच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. तिथं नळ्या टाकीत साठायच्या आणि किस्से आमच्या डोक्यात. टाकीला निदान झाकण तरी होतं!

मॅडम म्हणजे मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या डॉक्टर. दोन हजार सालानंतर त्यांनी पुरुषाचं वीर्य गोठवून ठेवायची सोय केली. दुधाच्या कॅनसारखी एक टाकी, आत कमालीचा गार, पातळ नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या नळ्या. हा नायट्रोजन सारखा उडून जातो. तो संपला की नळ्यांतलं सगळं मेलं! त्यामुळे मी जेवता जेवता उठायचो आणि टाकीत पट्टी घालून पातळी बघून यायचो.

बायको म्हणायची, "घरचा सिलिंडर कधी हलवून बघितला का असा?"

*

टाकी आली त्या दिवशी मी झाकण उघडलं आणि पांढरा धूर भसकन बाहेर आला. आमचे वॉचमन निवृत्तीमामा पाण्याची बादली घेऊन धावले. सिस्टरनं त्यांचा हात धरला.

"मामा, आग न्हाई! हा थंड धूर हाय!"

मामांनी बादली खाली ठेवली, पण मन काही थाऱ्यावर येईना. टाकीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "धूर थंड असंल. पर जाळ कुठं दडवून ठिवला?"

*

एक मास्तर होते. नळी ठेवून गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले.

"माझ्या नळीवर नाव बराबर हाय ना?"

"हो सर."

जाईनात. चुळबुळ चुळबुळ. शेवटी मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. मॅडमच्या खुर्चीमागं बुद्धाची तसबीर. तिच्याकडं न बघता मास्तरांनी हळूच विचारलं, "माझ्या शेजारी कोणाची नळी हाय? म्हणजे... कोणत्या समाजाची?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मास्तर, इतक्या थंडीत एकच समाज असतो. गारठलेल्यांचा!"

*

कनेरगाव नाक्याकडचा एक जवान सुटी संपताना नळ्या ठेवून सीमेवर गेला. बायकोवर उपचार चालू होते. तो तिकडून दवाखान्यात फोन करायचा. "टाकी भरलेली हाय ना? लाईट गेली तर?"

"टाकीला लाईट लागत नाही हो!" मी सांगायचो. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

त्याची बायको सुनीता एकदा भडकलीच. "मी कशी हाय ते इचारत न्हाई, टाकीची खुशाली इचारतो!"

सुनीताला दिवस गेले आणि गावात कुजबुज सुरू झाली. नवरा सीमेवर, मग हे कसं? सासूच्या कानावर गेलं. म्हातारी सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सुनीता नुसती पदराचं टोक पिळत होती. मॅडमनी सगळं समजावलं, टाकी दाखवली. तरी म्हातारीचा विश्वास बसेना. तेवढ्यात जवानाचाच फोन! मॅडमनी रिसीव्हर सासूच्या हातात दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मला आधी काहून न्हाई सांगितलं रे?" एवढंच बोलली आणि रडायला लागली.

पुढच्या तपासणीला मात्र सासू ताठ चालत आली. गिरणीवर बाया कुजबुजत होत्या म्हणे. हिनं दळणाचा डबा खाली ठेवून सगळ्यांना सुनावलं, "माझं पोरगं सीमेवर जाऊन बी नातवाची सोय करून गेलं! तुमची घरी बसून काय करून राहिली?"

*

एकदा वारंगा फाट्यावर रास्ता रोको झाला आणि नांदेडहून येणारी नायट्रोजनची गाडी अडकली. इकडं पट्टी जवळजवळ कोरडी निघत होती. मी मॅडमची जीप घेऊन निघालो. फाट्यावर आंदोलक पोरांपुढं हात जोडले.

"भाऊ, तेवढी गाडी सोडा."

"काय हाय तिच्यात?"

"नायट्रोजन."

"खत? मंग थांबू द्या!"

कसं समजावू? शेवटी ओरडलोच, "अहो, लेकरं वाचवायचीत!"

"लेकरं हायत! सरका रे!" गर्दी फाटली. पोरांनी स्वतः आडवी लावलेली बैलगाडी ओढून वाट केली. त्यातल्या एकानं गाडीत डोकावलं.

"कुठं हायत लेकरं?"

ड्रायव्हरनं गिअर टाकला. "अजून व्हायचीत!"

*

कळमनुरीकडच्या एका तांड्यावरून बाप पोराला घेऊन आला. विलास, लग्नाचं वय. त्याला गाठींचा कॅन्सर झाला होता आणि दोन-चार दिवसांत औषधं सुरू होणार होती. त्या औषधांनी पुढं मूल होणं अवघड, म्हणून आधी नळ्या ठेवायच्या.

"आधी पोरगं वाचवा. नातवाचं मागून बघू," बाप म्हणाला.

"मागून बघता येणार नाही, म्हणून तर आत्ता," मॅडम म्हणाल्या.

विलास नमुना द्यायला खोलीत गेला तो बाहेरच येईना. मी दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "मी मरणारच असन, तर हे काहून करायचं?"

बाप उठला. दाराला तोंड लावून म्हणाला, "तू मरणार असता, तर ढोरं सोडून मी हितं येऊन बसलो असतो का? कर बाबा."

पुष्कळ दिवस त्यांची काही खबर नव्हती. विचारायचं तरी कुणाला, आणि कसं? नोंदवहीत त्याचं नाव दिसलं की मी पटकन पान उलटायचो.

मग एका दुपारी दारात टोपी घातलेला, वाळलेला माणूस उभा. मी ओळखलंच नाही. मागं बाप दिसला, तेव्हा कळलं.

"टाकी बघायचीय," विलास म्हणाला.

मी झाकण उघडलं. त्यानं टोपी काढली. डोक्यावर नुकते कोवळे केस फुटले होते. तो टाकीवर वाकला आणि हळूच म्हणाला,

"मी आलो रे माघारी!"