कृषी केंद्रात गेलेला समुद्री जीव

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या अमडापूर गावी, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, एका समुद्री प्राण्याच्या नव्या जातीची घोषणा होता होता राहिली. याला जबाबदार तिघे: मी, माझा मोठा भाऊ आणि कपाशीवरची बोंडअळी.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. उन्हाळ्यात कोकणातल्या एका मित्राकडे गेलो होतो. समुद्राच्या तळाचा गाळ काढायचा, चाळायचा आणि त्यातले जीव वेगळे करायचे, हे त्याचं काम. त्या चाळणीत मला जेमतेम सेंटिमीटरभराचा, करड्या दोऱ्यासारखा एक प्राणी दिसला. कुणीही त्याला अळीच म्हणेल. पण तो गोगलगाय आणि शिंपल्याच्या गोतातला. फक्त याच्या घराण्यात शंख बांधायची रीतच नाही. त्याऐवजी अंगभर चुन्याचे खवले, इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना केवळ चमक कळते.

त्या खवल्यांवर मी भाळलो. मी वाचलेल्या सगळ्या वर्णनांत खवल्यावर एकच उभी कड होती, माझ्याकडच्याला दोन. झालं! मी मनातल्या मनात शाल पांघरली, नारळ हाती घेतला. मित्र म्हणाला, "अरे, एकच आहे. आणखी सापडू दे. जात पक्की करायला याचे दात बघायचे तर हा कापावा लागेल, आणि कापल्यावर दाखवायला काय उरेल?" मी त्याला मनोमन भित्रा ठरवलं आणि प्राणी स्पिरिटच्या बाटलीतून मागून घेतला.

दिवाळीपर्यंत वर्णन लिहून तयार झालं. तीन पानं. कॉलेजातला सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. एकदा शेवटचं पाहायचं आणि संध्याकाळी 'नवी जात' म्हणून शोधपत्रिकेला पाठवून द्यायचं, असा बेत. फडताळातली बाटली काढली, प्राणी काचेच्या बशीत घेतला, डोळा लावला आणि ओरडलोच. पाय! पुढच्या बाजूला तीन जोड्या, सांध्यांसकट! पायांची गोगलगाय! निदान अर्धं मिनिट मी जगातला सर्वांत थोर प्राणिशास्त्रज्ञ होतो.

मग डोकं दिसलं. तपकिरी, तुकतुकीत. ती कपाशीतली गुलाबी बोंडअळी होती, स्पिरिटमध्ये रंग उडालेली.

आमच्याकडे पिकावर ओळखू न येणारी अळी दिसली की ती घेऊन कृषी केंद्रात जातात. दुकानदार पाहतो, औषध सांगतो. भाऊ ती काड्यापेटीतून न्यायचा आणि पोचेपर्यंत ती वाळून जायची. आदल्याच दिवशी शहाणपणा करून मी त्याला स्पिरिट भरलेली एक बाटली दिली होती. हुबेहूब माझ्याकडच्यासारखी. ती त्याने माझ्याच बाटलीशेजारी ठेवली होती, आणि सकाळी घाईत, चष्मा न लावता, दोहोंतली एक उचलून तो कृषी केंद्राकडे गेला होता.

चप्पल कुठली, कुणाची, न बघता, जिनिंग कारखान्यात कापूस घालायला निघालेल्या गाड्यांमधून वाट काढत मी बाजारात पळालो. दुकानदाराने झाकणात स्पिरिट ओतून माझा एकुलता एक प्राणी त्यात ठेवला होता आणि भिंगातून तो निरखत होता.

"भाऊ, हे तुमच्या वावरातली नाही."

"काऊन नाही? काल म्याच बोंड फोडून काढली."

"मंग पाय दाखवा हिचे. एकही नाही. डोकं कोनतं अन् शेपूट कोनती, थेही समजून नाही राह्यलं. अन् अंग पाहा, बारीक रेती शिंपडल्यावानी चमकते."

मी दारातच थबकलो. माझ्या तीन पानांपेक्षा हे नेमकं होतं.

"बरं, पण औषध तं द्या काही," भाऊ म्हणाला.

"एका अळीवर मी औषध देत नसतो, भाऊ. एखादी रोगी असते, एखादी दबलेली असते, एखादी उगंच वेगळी असते. चार झाडं सोडून आनखी पाच-सहा आना. सारख्या निंघाल्या तं बोलू."

एखादी उगंच वेगळी असते. माझ्या प्राण्याच्या त्या दोन कडा माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. हेच मित्रानेही सांगितलं होतं. तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला. इथे तर समोर गिऱ्हाईक उभं होतं, मागे औषधांनी भरलेली मांडणी होती, आणि हा माणूस हातातली विक्री सोडत होता. मला एक नाव सोडवत नव्हतं.

मी आत गेलो, प्राणी अलगद बाटलीत घेतला. शाबूत होता. मग दोघांना सगळं सांगितलं: समुद्र, गाळ, खवले. दुकानदार भिंग हातात धरूनच ऐकत होता.

"सर, मंग नाव काय म्हना याचं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. "आज नवी जात म्हणून पाठवणार होतो. आता नाही पाठवत."

"अशा किती सापडल्या तुले?" भावाने विचारलं.

"ही एकच."

भावाने बाटलीकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजार वळून बघेल एवढ्या आवाजात म्हणाला,

"एका बोंडावर जिनिंगले गाडी लावाले निंघाला होता काय बे तू?"