रूपीबाईला दोनदा उचललं

माझी चुलत जाऊ रूपीबाई ही आमच्या बंजारा तांड्यातली फेटिया घालणारी शेवटची बाई. फेटिया म्हणजे आमच्या जुन्या बायांचा घेरदार घागरा. आरसे, कवड्या अन् टाके घालून असा जड केलेला की ओला झाला तर पिळायला दोघी लागतात. बाकी आम्ही सगळ्या कधीच्या साडीवर आलो. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहिताना बोटं आखडतात. पण तिच्याबद्दल माणसांना ठाऊक आहे तो फक्त तो व्हिडिओ, म्हणून लिहायला बसले.

नेरकडच्या तांड्यातून लग्न होऊन ती इकडे फुलसावंगीच्या बाजूला आली, तेव्हा घुंगट एवढा लांब की सासऱ्यानं तिचं तोंड कधी पाहिलं नाही, अन् जीभ एवढी लांब की आवाज मात्र पहिल्याच आठवड्यात साऱ्या तांड्याला पाठ झाला. नवऱ्यासंगं ऊसतोडीला जायची. तिथं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणं, आंघोळ उघड्यावर. तरी रूपी ओल्या कपड्यात कोणाच्या नजरेस कधी पडली नाही. आम्ही चिडवायचो, "काहून वं, राणीसायेब हायेस का तू?"

ती म्हणायची, "माह्यापाशी हायेच काय दुसरं? हा फेटिया अन् माही लाज. दोन्ही म्याच शिवले."

नवरा कारखान्यावरच वारला. पोरगा राजकुमार पुण्याला बांधकामावर गेला, तो सणालाच दिसतो. रूपी राहिली एकटी, खालच्या ओळीत.

खालची ओळ म्हणजे तांड्याचा उतार. ज्यांना वर जागा मिळाली नाही त्यांची घरं तिथं. डोंगरावरचं पाणी पहिल्यापासून त्या ओळीच्या बाजूनं यायचं, जुनी पांधण, म्हणजे वावरात जायची वाट, ओलांडायचं, आमच्या वावरात शिरायचं अन् तिथून नाल्याला लागायचं. मग पांधणीचा पक्का रस्ता झाला. चांगला कमरेएवढा उंच. नारळ फुटला, पेढे वाटले, दोन मी खाल्ले. त्याआधीच्या सभेत ठेकेदारानं विचारलं होतं, पाणी जायला मोरी कुठं टाकू? वावरात आमची कपाशी असते, म्हणून माझा पोरगा इंद्रजीत म्हणाला, "माह्या वावरासमोर नोको, पऱ्हाटी सडते." मग मोरी कुठंच पडली नाही. खालच्या ओळीतल्या बाया त्या दिवशी वावरात निंदायला गेलत्या. त्यांना विचारायचं राहून गेलं असं आम्ही म्हणतो. खरं तर कोणाच्या मनातच आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तालुक्यावरून माणसं आली. पूर आला तर जीव कसा वाचवायचा याची रंगीत तालीम होती. रबराची होडी आणलेली, पण मे महिन्यात पाणी कुठलं? शाळेच्या मैदानात, फुफाट्यात ठेवली होडी. केशरी जाकिटं घातलेले पोट्टे म्हणाले, बुडणारी एक बाई पाहिजे. सायबाची नजर फिरली ती रूपीच्या फेटियावर थांबली. फोटोत छान दिसेल म्हणाला.

रूपी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मले नोको. या बिजलीले घ्या, तिले फोटोची लय हौस."

मीच तिला पुढं ढकललं. "जा वं, सरकारी होडीत बसाले भेटते."

पोट्ट्यांनी विचारलं नाही, सवरलं नाही. एकानं धान्याचं पोतं उचलावं तशी तिला खांद्यावर टाकली. फेटिया गुडघ्याच्या वर गेला. रूपी पाय झाडून राह्यली अन् एका हातानं घुंगट सावरते, एका हातानं फेटिया ओढते. सारा तांडा हसला. मीही तोंडाला पदर लावून हसले. इंद्रजीतनं त्याचा व्हिडिओ काढला, खाली नाचाचं गाणं लावलं अन् पाठवला. दुसऱ्या दिवशी तो नेरपर्यंत पोचला. तिच्या सख्ख्या भावानं पाहिला.

रूपी भांडली नाही, त्याचंच मला भ्याव वाटलं. मी भाकरी घेऊन गेले तर दाराकडं पाठ करून बसलेली.

"मले इचारलं असतं तर म्या बाजेवर बसली असती," एवढंच बोलली. "आपल्यात दुखण्याच्या माणसाले बाजेवर नेतेत. पोत्यासारखं नाई नेत."

त्यानंतर ती आमच्या दारावरून गेली नाही, मागच्या वाटेनं जायची. इंद्रजीतला मी बोलले तर तो म्हणे, "गंमत होती ना याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात. मीही ते तेवढ्यावर सोडलं.

मग श्रावणात रात्रभर पाऊस पडला. सकाळी खालच्या ओळीत पाणी भरलं. बाया, लेकरं, बकऱ्या सारे रस्त्यावर चढले. मोजदाद केली तर रूपी नाही. ती घरातच होती. दरवाजातून दिसत होती, बाजेवर उभी, पाणी बाजेला लागलेलं.

होडी आली. तेच पोट्टे, तीच केशरी जाकिटं. त्यांना पाहून रूपीनं घुंगट ओढला अन् भिंतीकडं तोंड केलं.

"आजी, या ना, हात द्या!"

"मले हात लावू नका. मेली तरी चालन."

मी रस्त्यावरून ओरडले, "रूपी, येडी झाली का तू? भिंत मातीची हाय!"

"तू हसली होतीस, बिजली. तू गप राय."

साऱ्या तांड्यासमोर म्हणाली. मी मान खाली घातली. मागं उभ्या बायांनीही माना खाली घातल्या, कारण त्याही हसल्या होत्या.

इंद्रजीत पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला. "काकी, चुकलं माहं. चाल ना वं."

"फोन आणला का?" तिनं विचारलं.

तो तसाच माघारी फिरून रस्त्यावर चढला.

तेव्हा माझी नात उज्ज्वला पुढं झाली. कॉलेजात जाते, पण तालमीच्या दिवशी तीही हसली होती. तिनं विचारलं, "दादी, तुले कसं यायचं हाय?" एवढा साधा प्रश्न, मे महिन्यापासून कोणी विचारला नव्हता.

रूपीनं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाली, "बाजेवर. बायांनी न्यावं. अन् गड्यांनी पाहू नाई."

फुलसावंगीच्या शाहिदच्या पंक्चरच्या दुकानातून ट्रॅक्टरच्या ट्यूबा आल्या होत्या. त्या रस्त्यावर आणलेल्या एका बाजेखाली बांधल्या. उज्ज्वला, शेजारची शीला अन् आणखी चौघी बाया कमरेला दोर लावून उतरल्या. केशरी पोट्टे वर थांबून दोर धरून राहिले, तोंडं फिरवून. उज्ज्वला ओरडली, "साऱ्या गड्यांनी तिकडं पाहा!" अन् आमचा सारा पुरुषवर्ग, तांड्याच्या नायकापासून पोट्ट्यांपर्यंत, रस्त्यावर ओळीनं पाठ फिरवून उभा राहिला.

आता त्यांच्यासमोर काय होतं? आमचं वावर. पऱ्हाटी हिरवीगार, सरीत टाचभर पाणी नाही. पाठीमागं घरं बुडून राह्यली होती अन् पुढं इंद्रजीतचा कापूस डुलत होता. मधात आपला रस्ता. सगळे तिकडंच पाहत होते, कारण दुसरीकडं पाहायला मनाई होती. इंद्रजीतचे कान मागून लाल दिसत होते. मी त्याची आई, मला ते पेढे आठवले.

रूपी आली. बाजेवर ताठ बसून, फेटिया पायांखाली दाबून, देवीची मिरवणूक निघावी तशी. रस्त्यावर उतरल्यावर पहिलं म्हणाली, "माही कोंबडी राह्यली." मग तिच्या मागं तिच्या घराची भिंत बसली. आवाज फार झाला नाही, पाण्यात ढेकूळ पडावं एवढाच.

इंद्रजीतनं घरून सब्बल अन् टिकास आणलं. आमच्या वावराच्या बरोबर समोर त्यानं रस्ता खोदायला घेतला. नायक म्हणाला, "अरे, सरकारी काम हाय!" इंद्रजीत म्हणाला, "मोरी म्याच नाई म्हणलो होतो." मग बाकीचेही लागले. हातभर चर पडल्यावर पाण्यानं पुढचं काम आपणच केलं. आमची अर्धी पऱ्हाटी आडवी झाली. मी बांधावर उभी होते. वाईट वाटलं, खोटं कायले बोलू? पण तोंड वर करून वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती.

रूपी आता आमच्या घरी राहते, तिचं घर होईपर्यंत. मोरीचे नळे रस्त्याच्या कडेला येऊन पडलेत, बसवायचे आहेत. पुढची सभा संध्याकाळी ठेवा, निंदणाच्या वेळी नको, असं खालच्या ओळीतल्या बायांनी सांगितलं अन् नायकानं ऐकलं.

या मे महिन्यात होडी परत आली. साहेब नवा. त्यानं विचारलं, बुडणारं कोण होणार? सारे जमिनीकडं पाहू लागले. रूपी माझ्या शेजारी बाजेवर बसली होती.

"औंदा या इंद्रजीतले उचला," ती म्हणाली. "लुंगीवर."

अन् माझा पंचेचाळीशीचा पोरगा लुंगी लावून आला. पोट्ट्यांनी त्याला खांद्यावर टाकलं, साऱ्या मैदानातून नेलं. कोणी फोन काढला नाही. कोणी हसलंही नाही, एकट्या रूपीबाईशिवाय. ती घुंगटाच्या आत पोट धरून हसली, अन् मला कोपर मारून म्हणाली, "हास ना वं बिजली. तुले तर लय हसू येते."

मला काही केल्या हसू आलं नाही.